परवडणारे घर : माउंट लॉरेलचा हिशेब



गेल्या हिवाळ्यात आपल्या एका कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभा असताना एक कागद हातोहात फिरत माझ्यापर्यंत आला. आमच्या टाउनशिपमध्ये दोनशे अपार्टमेंट्सची वसाहत होणार, त्यातली चाळीस ‘अफोर्डेबल’, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी. तिला विरोध करणारा तो अर्ज होता. शाळेत गर्दी होईल, प्रॉपर्टी टॅक्स वाढेल, घरांच्या किमती पडतील, अशी तीन कारणे त्यात दिली होती. माझ्या एका हातात प्लेट होती. दुसऱ्या हाताने मी सही केली. अर्ज नीट वाचलाही नाही.

पंधरा दिवसांनी आपल्याच मंडळातल्या एका धाकट्या मित्राचा फोन आला. या देशात येऊन त्याला फार दिवस झालेले नाहीत. एकट्याचा पगार, पत्नीला अजून काम करण्याची परवानगी नाही, दोन लहान मुले. घरमालकाने लीज नव्याने करताना भाडे एकदम वाढवले होते. ‘‘दादा, तुमच्या गावातल्या शाळा चांगल्या आहेत म्हणे. तिथे आम्हाला झेपेल असे काही मिळेल का?’’ त्याने विचारले. फोन ठेवल्यावर मला तो कागद आठवला. ज्या चाळीस घरांविरुद्ध मी सही केली होती, त्यातले एखादे त्याच्या उपयोगाचे ठरले असते.

त्यानंतर हा विषय मी मुळापासून वाचून काढला. जे समजले ते आपल्या ‘आरोग्य आणि अर्थ’ विभागाच्या वाचकांसमोर क्रमाने मांडतो.

‘अफोर्डेबल’ म्हणजे नक्की काय?

सर्वसाधारण नियम असा, की घराचा खर्च कुटुंबाच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे ३० टक्क्यांच्या आत असावा. न्यू जर्सी राज्याचे घरांच्या दृष्टीने सहा विभाग केलेले आहेत. उदाहरणार्थ मिडलसेक्स, सॉमरसेट आणि हंटरडन ही तीन काउंटी मिळून एक विभाग होतो. प्रत्येक विभागातले मधले उत्पन्न, म्हणजे निम्मी कुटुंबे ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात तो आकडा, कुटुंबातल्या माणसांच्या संख्येनुसार दरवर्षी ठरवतात. त्याच्या ५० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तर ‘लो इन्कम’ आणि ५० ते ८० टक्के असेल तर ‘मॉडरेट इन्कम’ धरतात. ३० टक्क्यांच्या आतल्या अगदी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीही काही घरे राखून ठेवावी लागतात.

हिशेब समजावा म्हणून एक गोल आकडा घेऊ. समजा, चार माणसांच्या कुटुंबाचे मधले उत्पन्न १,४०,००० डॉलर आहे. तर १,१२,००० डॉलरपर्यंत मिळवणारे कुटुंब या योजनेत बसू शकते. हा आकडा पाहून मी चकित झालो. माझ्या मनात ‘अफोर्डेबल’ म्हणजे सरकारी मदतीवर जगणारी माणसे असे चित्र होते. प्रत्यक्षात त्यात शाळेतले शिक्षक येतात, नर्सचे मदतनीस येतात, दुकानातले कर्मचारी येतात आणि एका पगारावर चाललेले आपले एखादे घरही येते.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. या घरांचे भाडे प्रत्येक कुटुंबाच्या पगाराप्रमाणे बदलत नाही. भाडे घराला ठरवून दिलेले असते आणि त्या उत्पन्नगटातल्या कुटुंबाने ते पूर्ण भरायचे असते.

हा नियम आला कुठून?

फिलाडेल्फियाच्या जवळ, न्यू जर्सीच्या बाजूला, माउंट लॉरेल नावाची टाउनशिप आहे. तिथल्या स्प्रिंगव्हिल भागात कृष्णवर्णीय कुटुंबे अनेक पिढ्यांपासून राहत होती. काहींची घरे म्हणजे जुने कोंबड्यांचे खुराडे दुरुस्त करून केलेल्या खोल्या होत्या. टाउनशिपने अशी घरे राहण्यास अयोग्य ठरवायला सुरुवात केली, पण माणसांना दुसरीकडे राहायला जागा नव्हती. म्हणून रहिवाशांनी ३६ साध्या अपार्टमेंट्सची योजना मांडली. झोनिंगमध्ये बसत नाही म्हणून ती नाकारली गेली. १९७० साली तिथल्या मेयरनी चर्चमध्ये जमलेल्या लोकांना सांगितले, की ज्यांना या गावात राहणे परवडत नाही त्यांनी गाव सोडावे.

झोनिंग म्हणजे कोणत्या जागेवर काय आणि किती बांधता येईल याचे स्थानिक नियम. एका घराला किमान एवढी जमीन हवीच आणि अपार्टमेंट्स बांधायचीच नाहीत असा नियम केला, की गरिबाला मनाई असे कुठेही न लिहिता मनाई होते.

एथेल लॉरेन्स नावाच्या पाळणाघरातल्या शिक्षिका आणि त्यांचे सहकारी १९७१ साली कोर्टात गेले. १९७५ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की वाढत्या टाउनशिपने झोनिंगचा अधिकार वापरताना आपल्या विभागातल्या कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीही घरांची संधी ठेवली पाहिजे. हा वाटा प्रत्येक गावाने उचलायचा. निकाल लागला तरी गावे हलली नाहीत. म्हणून १९८३ साली मुख्य न्यायाधीश रॉबर्ट विलेन्ट्झ यांच्या न्यायालयाने दुसरा, अधिक कडक निकाल दिला. त्यापुढे १९८५ साली राज्याचा कायदा झाला.

पळवाटाही निघाल्या. आपल्या वाट्याची निम्मी घरे दुसऱ्या शहराला पैसे देऊन तिकडे बांधून घ्यायची सोय कायद्यात होती. ती २००८ साली बंद झाली. देखरेखीसाठी नेमलेले मंडळ अनेक वर्षे ठप्प होते, म्हणून २०१५ साली न्यायालयाने हे काम पुन्हा स्वतःकडे घेतले. २० मार्च २०२४ रोजी गव्हर्नर फिल मर्फी यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि ते जुने मंडळ रद्द झाले. आता प्रत्येक गावाचा आकडा राज्याचे खाते काढते. २०२५ ते २०३५ या दहा वर्षांसाठी राज्यभर सुमारे ८५ हजार नव्या परवडणाऱ्या घरांची गरज मांडली गेली आहे. गावांनी ३१ जानेवारी २०२५ पर्यंत आपला आकडा ठरावाने मान्य करायचा आणि ३० जून २०२५ पर्यंत आराखडा द्यायचा, अशा मुदती कायद्यात होत्या. बऱ्याच टाउनशिपमध्ये एकाच वेळी सभा आणि अर्ज सुरू झाले ते त्यामुळे.

सरकार बांधत नाही, मग बांधतो कोण?

बऱ्याच ठिकाणी खासगी बिल्डर बांधतो. हा भाग समजला की पुढचे सगळे सोपे आहे, म्हणून थोडा हिशेब मांडतो. आकडे कल्पित आहेत, रीत खरी आहे.

समजा, एका जागेची किंमत ४० लाख डॉलर आहे. झोनिंगप्रमाणे तिथे फक्त २० बंगले बसतात. म्हणजे प्रत्येक बंगल्यावर नुसत्या जमिनीचा बोजा २ लाख डॉलर. आता टाउनशिपने त्याच जागेवर २०० अपार्टमेंट्सची परवानगी दिली आणि अट घातली, की त्यातली ४० परवडणारी हवीत. या ४० घरांकडून जमिनीचे पैसे सुटणार नाहीत असे धरू. शिवाय त्यांच्या मर्यादित भाड्यातून बांधकामाचाही पूर्ण खर्च निघत नाही. प्रत्येकी १ लाख डॉलरची तूट धरली तर ती ४० लाख होते. जमीन ४० लाख आणि तूट ४० लाख मिळून ८० लाख डॉलर उरलेल्या १६० घरांवर वाटले, तर प्रत्येकावर ५० हजार डॉलर बसतात. बंगल्यावरचा बोजा २ लाख होता, हा ५० हजार आहे. बिल्डरला हे जमते.

इथे टाउनशिपने तिजोरीतून काय दिले? काहीही नाही. तिने जास्त घरे बांधण्याची परवानगी दिली. परवानगीमुळे जमिनीची किंमत वाढते आणि त्या वाढीचा एक भाग गाव परवडणाऱ्या घरांच्या रूपाने परत घेते. आपण शहराबाहेर एखादा प्लॉट घ्यावा आणि वर्षभरात शेजारून हमरस्ता जावा, तसाच हा लाभ. फरक एवढाच, की इथे त्यातला वाटा समाजाला मिळतो.

मग टक्का वाढवत का नेऊ नये?

तोच हिशेब पुढे चालवून पाहा. ४० ऐवजी ८० घरे परवडणारी मागितली, तर तूट ८० लाख होते आणि जमिनीसकट १२० लाखांचा बोजा १२० घरांवर पडतो. प्रत्येकी १ लाख. १२० घरे मागितली तर बोजा १६० लाख आणि तो उचलायला उरली फक्त ८० घरे. प्रत्येकी २ लाख, म्हणजे पुन्हा बंगल्याइतकाच. बिल्डर बाजारभावाच्या घरांचे भाडे मनाला येईल तसे वाढवू शकत नाही, कारण पलीकडच्या रस्त्यावर दुसरी अपार्टमेंट्स असतात. मग बँक कर्ज देत नाही आणि वसाहत कागदावरच राहते. मोठा टक्का मागून शून्य घरे मिळण्यापेक्षा बेताचा टक्का मागून चाळीस मिळालेली बरी. न्यू जर्सीमध्ये साधारण १५ ते २० टक्के वाटा मागतात, तो या कारणाने.

भाव नुसता दाबून धरला तर काय होते, हे आपल्यापैकी मुंबईत वाढलेल्यांना वेगळे सांगायला नको. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधली. त्या काळात गिरणी कामगार आणि कारकून बेघर झाले नाहीत, हा त्या कायद्याचा मोठा उपकार. पण पुढची पन्नास वर्षे भाडे जवळजवळ तेच राहिले. मालकांनी दुरुस्ती सोडली, भाड्याने देण्यासाठी नवी घरे बांधणे थांबत गेले आणि पागडी सुरू झाली. ज्याच्याकडे खोली होती तो वाचला, पण नंतर मुंबईत आलेला कायमचा बाहेर राहिला. १९९९ चा नवा कायदा येईपर्यंत चाळींचे जे व्हायचे ते होऊन गेले होते.

उलट उदाहरण टेक्सासमधल्या ऑस्टिनचे. तिथे २०२० नंतर फार मोठ्या संख्येने अपार्टमेंट्स बांधली गेली. त्या परिसराची लोकसंख्या वाढत असतानाही २०२२ च्या उच्चांकानंतर भाडी दहा टक्क्यांहून जास्त उतरली. अर्थात खासगी बाजार कितीही बांधो, सर्वांत कमी उत्पन्नाच्या कुटुंबापर्यंत तो आपोआप पोचत नाही, कारण त्या भाड्यात बांधकामाचा खर्चच निघत नाही. म्हणून दोन्ही हवे. भरपूर बांधायला परवानगी हवी, आणि त्यात राखून ठेवलेला वाटाही हवा.

तीन भीती

आता त्या अर्जातल्या तीन कारणांकडे येतो. ती कारणे हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. आपल्यापैकी बहुतेकांची आयुष्यभराची बचत घरात आहे. २०२४ साली न्यू जर्सीत घराचा सरासरी प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला १० हजार डॉलरच्या वर होता आणि त्यातला मोठा भाग शाळांना जातो.

पण याची तपासणी झालेली आहे. माउंट लॉरेलमध्येच २००० सालापासून ‘एथेल लॉरेन्स होम्स’ ही १४० परवडणाऱ्या घरांची वसाहत उभी राहिली. एथेलबाई १९९४ साली वारल्या, त्यांना ती पाहता आली नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वसाहतीचा अभ्यास करून २०१३ साली पुस्तक प्रसिद्ध केले. शेजारच्या तशाच गावांशी तुलना करता घरांच्या किमती, कर आणि गुन्हे यांच्यावर वसाहतीचा वाईट परिणाम झालेला त्यांना आढळला नाही. तिथे राहायला आलेल्या कुटुंबांची कमाई वाढली आणि मुलांना अभ्यासाला जास्त वेळ व शांत जागा मिळाली.

एका वसाहतीवरून सगळीकडचा निष्कर्ष काढू नये, हे मान्य. ती वसाहत नीट बांधलेली आणि नीट सांभाळलेली आहे. म्हणूनच आपल्या गावच्या सभेत विचारायचे प्रश्न निराळे हवेत. देखभाल कोण करणार? पावसाचे पाणी कुठे जाणार? मुलांना शाळेच्या बसपर्यंत चालत जायला फुटपाथ आहे का? शाळेने पटसंख्येचा अंदाज काढला आहे का? या प्रश्नांनी वसाहत सुधारते. ‘आमच्या गावात नको’ म्हटल्याने सुधारत नाही.

सही करण्याआधी हे माहीत असू द्या

माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा आहे. आराखड्याला विरोध केला म्हणून गावाचा वाटा नाहीसा होत नाही. ज्या गावाचा आराखडा मान्य झालेला असतो त्याला कोर्टात संरक्षण मिळते. कोणत्या जागेवर काय बांधायचे, हे ते गाव ठरवू शकते. ज्या गावाने टाळाटाळ केली त्याचे संरक्षण जाते. मग १९८३ च्या निकालाप्रमाणे बिल्डर दावा लावू शकतो आणि परवडणाऱ्या घरांचा पुरेसा वाटा देत असेल तर त्याच्या पसंतीच्या जागेवर, गावाच्या झोनिंगपेक्षा कितीतरी दाट बांधकामाची परवानगी कोर्टाकडून मिळवू शकतो. शिवाय वकिलांचा खर्च आपल्याच करातून जातो. म्हणजे ज्या भीतीपोटी मी सही केली, तीच गोष्ट त्या सहीमुळे ओढवण्याची शक्यता होती.

आपल्यापैकी कोणाला उपयोग?

एका पगारावरची तरुण कुटुंबे, नोकरी गेल्यामुळे उत्पन्न घटलेले, एकट्या मुलांना वाढवणाऱ्या भगिनी, नुकती नोकरीला लागलेली आपली मुले आणि निवृत्त मंडळी. काही वसाहती ५५ किंवा ६२ वर्षांवरच्यांसाठीच असतात. अर्ज करणाऱ्यांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१. घरे बहुधा सोडत काढून दिली जातात. म्हाडाची सोडत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल. एकाच ठिकाणी अर्ज करून वाट पाहत बसू नये. ‘न्यू जर्सी हाउसिंग रिसोर्स सेंटर’ या राज्याच्या संकेतस्थळावर घरांची यादी असते.

२. घरातल्या सर्व कमावत्या माणसांचे, कर कापण्यापूर्वीचे उत्पन्न धरतात. पगाराच्या पावत्या, टॅक्स रिटर्न आणि बँकेची विवरणे एका फाइलमध्ये तयार ठेवावीत. सोडतीत नंबर लागल्यावर कागद देण्याची मुदत थोडी असते.

३. विकत घेण्याच्या घरावर साधारण ३० वर्षांचे बंधन असते. घर स्वतः राहण्यासाठीच घ्यायचे, भाड्याने द्यायचे नाही आणि विकताना ठरलेल्या मर्यादेतच किंमत घ्यायची. हे घर म्हणजे स्थिर खर्चाचा निवारा. झटपट नफ्याची गुंतवणूक म्हणून त्याकडे पाहू नये. दर महिन्याला वाचलेले पैसे मात्र मुलांच्या शिक्षणाला किंवा निवृत्तीच्या खात्यात टाकता येतात. खरा फायदा तिथे आहे.

४. केंद्र सरकारच्या पैशाने चालणाऱ्या काही योजनांना इमिग्रेशन स्टेटसची अट असते. अर्जावर सही करण्याआधी त्या वसाहतीला कोणता निधी आहे ते विचारावे आणि शंका असल्यास इमिग्रेशनच्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

५. ‘नंबर लावून देतो’ म्हणून कोणी रोख पैसे मागितले तर तो पागडीवाल्याचा अमेरिकन अवतार समजावा आणि दूर राहावे.

शेवटी माझ्या सहीविषयी. प्लॅनिंग बोर्डाच्या पुढच्या सभेत मी गेलो. सही मागे घेत असल्याचे पत्र दिले आणि फुटपाथ व पावसाचे पाणी हे दोन प्रश्न विचारले. उत्तरे अर्धवट मिळाली, पण नोंद झाली. त्या सभेत आपली बरीच माणसे होती आणि बहुतेक विरोधात बोलली. त्यातले काहीजण स्वतः या देशात आले तेव्हा चौघांत एक अपार्टमेंट घेऊन राहिले होते. तेव्हा कोणीतरी, कुठल्यातरी गावात ती अपार्टमेंट्स बांधू दिली होती, म्हणून आपण इथे टिकलो.

माझ्या मित्राने तीन ठिकाणी अर्ज केले आहेत. हे लिहीपर्यंत त्याचा नंबर लागलेला नाही. तो जुन्याच घरात वाढीव भाडे भरत आहे.

आपल्या टाउनशिपचा आराखडा क्लार्कच्या कार्यालयात पाहायला मिळतो. एकदा जरूर वाचा. सही करायची की नाही, ते मग आपण ठरवा. हा लेख माहितीसाठी आहे, कायदेशीर सल्ला नव्हे. चूकभूल द्यावी घ्यावी.